आधी दोर, की आधी माणूस?

जुन्नर तालुक्यात घाटघरजवळ, नाणेघाटाच्या शेजारी जीवधन नावाचा किल्ला आहे. त्याच्या कड्याला लागून, पण कड्यापासून सुटा असा एक दगडी सुळका उभा आहे. त्याचं नाव वानरलिंगी. खडा पारशी असंही त्याला म्हणतात. उंची साधारण साडेतीनशे ते चारशे फूट. पायथ्याला दाट झाडी, आणि एका अंगाला नजर थेट कोकणात उतरते. या सुळक्याच्या माथ्यावर माणसं उभी आहेत असा फोटो हिंगोलीत, वसमतला किंवा सेनगावच्या एखाद्या शाळेत दाखवला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : दोर धरून चढले हे समजलं, पण तो दोर वर बांधला कुणी?

प्रश्न अगदी नेमका आहे. पाठोपाठ उत्तरंही येतात. कुणी म्हणतं हेलिकॉप्टरनं सोडला असेल, कुणी म्हणतं खालून फेकून अडकवला असेल. आणि कुणीतरी घोरपडीचं नाव काढतंच. या प्रकरणात या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. ते नीट समजलं, की पारंपरिक प्रस्तरारोहण म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

१. घोरपड बाजूला ठेवू

४ फेब्रुवारी १६७०. सिंहगडाचा कडा, रात्रीची वेळ. तानाजी मालुसऱ्यांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून ती वर सोडली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. पण राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला असताना कृष्णाजी अनंत सभासदानं लिहिलेली बखर उघडली तर तिथे घोरपड नाही. तिथे आहेत ते कडा चढण्यात तरबेज असे निवडलेले दोन मावळे. ते आधी चढून गेले, वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली, आणि मग तानाजींसह तीनशे माणूस त्या माळेनं वर गेलं, असा तो क्रम आहे.

मला हा क्रम घोरपडीच्या गोष्टीहून कितीतरी मोठा वाटतो. घोरपडीच्या गोष्टीत श्रेय प्राण्याच्या नख्यांना जातं. बखरीतलं श्रेय अंधारात, हाताच्या बोटांनी कातळ चाचपत वर गेलेल्या त्या दोघांना जातं. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

आपल्या प्रश्नाचं उत्तरही याच क्रमात आहे. आधी माणूस जातो, दोर त्याच्याबरोबर जातो. सुळक्यावर आधीपासून काही लोंबत नसतं. पहिला आरोहक दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधतो आणि ते घेऊन वर निघतो. त्याच्या डोक्यावर कातळ आणि आभाळ असतं, दोर नसतो. दोर त्याच्या खाली असतो.

मग खाली असलेल्या दोराचा उपयोग काय? त्याकडे येऊच. त्याआधी हिंगोलीच्या वाचकाचा आणखी एक रास्त प्रश्न आहे.

२. आपल्याकडे सुळका का नाही?

हिंगोलीपासून वानरलिंगी सरळ रेषेत पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरहून थोडी जास्त दूर आहे. पण दोन्हीकडचा दगड एकच : बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला. एक थर थंड होऊन गोठायचा, काही काळ जायचा, वर दुसरा थर पसरायचा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर हा दगड आहे. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ त्यावर उभं आहे, कळमनुरीची काळी माती त्याचाच भुगा आहे.

हे थर बघायला हिंगोलीकरांना सह्याद्रीत जावं लागत नाही. शेतात विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा दगड, आणि कधी कधी त्याखाली एक मऊ, तांबडा पट्टा. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात वरचा थर झिजून, कुजून झालेली माती. पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली गाडली गेली. हा मऊ पट्टा लक्षात ठेवा. सुळका चढणाऱ्याच्या दृष्टीनं तो फार महत्त्वाचा आहे.

मग दगड तोच असताना सुळके पश्चिमेलाच का? कारण पाणी आणि उतार. हिंगोलीत वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्णा, कयाधू, पैनगंगा यांचं पाणी शेवटी गोदावरीत जातं आणि बंगालच्या उपसागरापर्यंत सावकाश उतरत राहतं. सह्याद्रीच्या माथ्यावर ३,००० ते ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्यातलं पश्चिमेला वळलेलं पाणी काही किलोमीटरच्या आत सहाशे ते हजार मीटर खाली पडतं. अशा पाण्याला कापण्याची ताकद प्रचंड असते. ते भेगांमध्ये शिरतं, मऊ तांबडे पट्टे पोखरतं, वरचा कठीण थर आधार सुटून ढासळतो. अशानं पश्चिमेचा कडा हळूहळू पूर्वेकडे सरकत गेला. सरकताना जिथे दगड जास्त घट्ट होता, तिथे तो मागे उभा राहिला. आजूबाजूचा डोंगर गेला, सुळका उरला. मोरोशीच्या भैरवगडाची भिंत थोड्या वेगळ्या तऱ्हेनं घडली. तिथे जुन्या थरांतल्या उभ्या भेगेत नंतर शिरलेला लाव्हा गोठला, तो शेजारच्या दगडापेक्षा चिवट निघाला आणि शेजारचा दगड झिजून गेल्यावर भिंत म्हणून उरला.

सुळका असा वर आलेला नसतो, मागे राहिलेला असतो. त्याला तडे का असतात, आणि त्याच्या पायथ्याशी दगडांचा खच का पडलेला असतो, हे यावरून कळेल.

३. दोर ओढत नाही

आता चढाईकडे. पारंपरिक पद्धतीत किमान दोन माणसं लागतात. आधी चढणारा तो लीड क्लाइंबर. खाली उभा राहून दोर सोडणारा तो बिलेअर. दोराचं एक टोक पहिल्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळलेल्या पट्ट्याला, दुसरं दुसऱ्याच्या हार्नेसला. मधला दोर बिलेअरच्या कमरेवरच्या एका छोट्या उपकरणातून जातो. त्यातून दोर हळू सोडता येतो, पण अचानक झटका बसला की बिलेअर तो जागच्या जागी आवळू शकतो.

लीड करणारा हातापायांनी चढतो. पकड म्हणजे कातळातला खाचखळगा, धार, भेग. वजन शक्यतो पायांवर, हात तोल सांभाळायला. नवशिका हातांनी स्वतःला वर खेचू पाहतो आणि वीस फुटांत दमतो. ज्याला पायांवर उभं राहणं जमतं, तो दिवसभर चढू शकतो.

चार-पाच मीटर वर गेल्यावर तो एक चांगली भेग शोधतो. तिच्यात धातूचा एक तुकडा असा अडकवतो, की खाली ओढला तरी तो निघू नये. त्या तुकड्याला कॅराबिनर नावाची, उघडझाप करता येणारी कडी लावतो आणि आपल्या मागून येणारा दोर त्या कडीतून ओवतो. मग पुढे चढतो. आणखी काही मीटरवर दुसरा तुकडा, मग तिसरा.

आता तो पडला तर? समजा शेवटचा तुकडा त्याच्या कमरेखाली ३ मीटरवर आहे. तो आधी त्या तुकड्यापर्यंत ३ मीटर पडेल, मग तुकड्याच्या खाली आणखी ३ मीटर. तिथे दोर ताणला जाईल, बिलेअरनं तो आवळलेला असेल आणि पडणारा थांबेल. म्हणजे तुकड्यापासून जितका वर, त्याच्या दुप्पट पडणं. दोर माणसाला वर नेत नाही. पडला तर धरतो.

दोर साधारण ६० मीटरचा असतो. तीसेक मीटर चढून झाले, की लीड करणारा एखादी उभं राहण्याजोगी जागा गाठतो, स्वतःला कातळाला पक्का बांधतो आणि मग दुसऱ्याला वर बोलावतो. आता दोर दुसऱ्याच्या वर आहे, म्हणून तो जवळपास सुरक्षित आहे. येताना तो एक काम करतो : पहिल्यानं अडकवलेले सगळे तुकडे सोडवून गोळा करत येतो. मग पुढचा टप्पा, तीच पद्धत. वानरलिंगीएवढ्या उंचीला असे चारेक टप्पे होतात.

दोघं माथ्यावर पोचतात तेव्हा खाली कातळावर काहीही उरलेलं नसतं. पारंपरिक चढाईची खूण हीच. जे लावलं ते काढून नेलं.

४. चाड्यात अडकलेलं ढेकूळ

भेगेत अडकवलेला तुकडा माणसाचं वजन कसा पेलतो, याचं अनेकांना नवल वाटतं. ना खिळा ठोकला, ना सिमेंट भरलं.

तिफणीनं पेरलेल्या माणसाला हे चटकन कळेल. चाडं वर रुंद आणि खाली निमुळतं असतं. बियाण्याबरोबर एखादं ढेकूळ आत गेलं तर ते निमुळत्या जागी अडकतं. वरून दाबलं की आणखी घट्ट बसतं. काढायचं तर खालून काडीनं ढकलावं लागतं. कातळातली भेगही अशीच खाली अरुंद होत जाणारी मिळाली, तर तिच्यात पाचरीच्या आकाराचा धातूचा तुकडा वरून सोडायचा. याला नट म्हणतात. आरोहक पडला तर ओढ खाली बसते आणि नट जास्तच घट्ट होतो. मागून येणारा दुसरा आरोहक एका चपट्या हुकानं त्याला खालून वर ढकलतो, आणि नट हातात येतो.

याचा उगम ब्रिटनमधला. तिथल्या आरोहकांनी आधी भेगेत गोटे अडकवून त्यांभोवती दोरी गुंडाळली. १९५०च्या दशकात वेल्समधल्या आरोहकांनी यंत्रांचे साधे लोखंडी नट वापरून पाहिले. त्यांतले काही स्नोडन डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेले होते, असं सांगितलं जातं. आटे घासून काढायचे, मधल्या भोकातून दोरी ओवायची, झालं साधन तयार. १९६१ पासून खास चढाईसाठी घडवलेले नट मिळू लागले.

पण सगळ्याच भेगा खाली निमुळत्या नसतात. काही वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीच्या असतात. तिथे नट सरळ खाली घसरतो. यावर अमेरिकेतल्या रे जार्डाइन यांनी उपाय काढला आणि १९७८ मध्ये तो बाजारात आला. दांड्याच्या टोकाला स्प्रिंगवर फिरणाऱ्या अर्धगोल चकत्या. दांड्यावरचा खटका ओढला की चकत्या मिटतात, भेगेत घालून सोडला की पसरतात. दांडा खाली ओढला गेला की चकत्या दोन्ही बाजूंच्या दगडावर आणखी जोरानं दाबल्या जातात. याला कॅम म्हणतात. सारख्या रुंदीच्या भेगांचा प्रश्न त्यानं सोडवला.

याआधी काय होतं? पिटॉन, म्हणजे पोलादी मेख. हातोडीनं भेगेत ठोकायची, काढताना पुन्हा हातोडीनं हलवून सैल करायची. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात एकाच भेगेत वर्षानुवर्षं मेखा ठोकल्या आणि उपसल्या गेल्या. पोलाद कठीण, दगडाच्या कडा फुटल्या, बारीक भेगांच्या जागी बोट जाईल एवढी भोकं झाली. स्वतः मेखा बनवून विकणारे इव्हॉन शुइनार्ड यांनी १९७२ च्या आपल्या विक्री-पुस्तिकेत गिऱ्हाइकांना मेखा सोडा आणि नट वापरा असं सांगितलं. आपल्याच धंद्याचा मुख्य माल बाजूला सारायला सांगणं सोपं नव्हतं. हा निर्णय मला कुठल्याही विक्रमी चढाईइतका मोलाचा वाटतो.

जर्मनीत एल्बे नदीकाठच्या सॅक्सनीतला वालुकाश्म इतका मऊ आहे, की तिथे धातूचे नट आणि कॅमही चालत नाहीत. तिथले आरोहक दोरीच्या गाठी मारून त्याच भेगेत अडकवतात. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नियम आहेत आणि लोक ते पाळतात. साधन कोणतं वापरायचं हे तिथे दगड ठरवतो.

५. पडण्याचं गणित

इथे दोन-तीन छोटी गणितं करू. शाळेतली बेरीज-भागाकार पुरे.

पहिलं गणित. लीड करणाऱ्यानं जमिनीपासून ४ मीटरवर पहिला नट लावला आणि तो ७ मीटरवर पोचला. नटापासून ३ मीटर वर, म्हणजे पडला तर ६ मीटर खाली येणार. ७ वजा ६, जमीन १ मीटरवर राहील असं वाटतं. पण दोर ताणतो, आणि बिलेअरनं थोडा ढिला सोडलेला असतो. म्हणजे तो जमिनीवर आदळणार. म्हणून सुरुवातीचे तुकडे जवळ जवळ लावायचे असतात. सगळ्यात धोक्याचे पहिले दहा मीटर असतात.

दुसरं गणित. ६ मीटर पडल्यावर माणसाचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर होतो. एवढा वेग क्षणार्धात शून्यावर आला तर शरीराला सोसणार नाही. म्हणून आरोहणाचा दोर ताणणारा, डायनॅमिक असतो. पूर्वीचे तागाचे दोर ताणत नसत, तुटत. त्या काळात लीड करणाऱ्यानं पडायचंच नाही, हा एकच नियम होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉनचे दोर आले. १९५३ मध्ये जर्मनीतल्या एडेलरीड कंपनीनं आत ताणणारा गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण अशा रचनेचा दोर आणला. आजचे दोर त्याच रचनेचे आहेत. बाजारात साहित्य बांधायला मिळणारा जाड दोर कितीही मजबूत दिसला तरी चढाईला चालत नाही. तो तुटणार नाही कदाचित, पण पडणाऱ्याची कंबर मोडेल.

तिसरं गणित सगळ्यात महत्त्वाचं. पडण्याचं अंतर भागिले वापरात असलेला दोर. याला फॉल फॅक्टर म्हणतात. ३० मीटर दोर बाहेर असताना ६ मीटर पडलात, तर ६ भागिले ३० म्हणजे ०.२. झटका सौम्य, कारण ताणायला भरपूर दोर आहे. आता उभं राहायच्या जागेवरून निघालात, एकही तुकडा न लावता ३ मीटर वर गेलात आणि पडलात. पडणं पुन्हा ६ मीटरच, पण दोर फक्त ३ मीटर. ६ भागिले ३, म्हणजे २. तेवढंच पडणं, पण आकडा दहापट. झटका सगळा त्या थांब्याच्या बांधणीवर. म्हणून थांब्यावरून निघताच, गरज वाटो न वाटो, पहिला तुकडा लावायचा.

थांब्याची बांधणीही एका तुकड्यावर कधीच सोडत नाहीत. निदान तीन तुकडे, शक्यतो वेगवेगळ्या भेगांत, आणि भार सगळ्यांवर वाटला जाईल अशी बांधणी. दोन तुकड्यांमधला कोनही बघावा लागतो. १०० किलोचा भार दोन तुकड्यांवर आहे. त्यांच्या पट्ट्या जवळजवळ समांतर असतील तर प्रत्येकावर ५० किलो येतात. कोन ६० अंश झाला की प्रत्येकी ५८. आणि कोन १२० अंश झाला की प्रत्येकावर पुरे १०० किलो. पट्ट्या आखूड ठेवून कोन मोठा केला, तर दोन तुकडे लावूनही वाटणीचा फायदा शून्य.

६. आपला दगड काय म्हणतो

आता विहिरीतला तो तांबडा पट्टा आठवा. सुळक्यावर तो आडवा दिसतो. वरचा काळा दगड घट्ट, खालचाही घट्ट, आणि मधे हातात घेतला तर चुरा होणारा थर. तिथे नट लावला तर भेगेच्या भिंतीच निघून येतात. लव्हाळं, वाळलेलं गवत आणि घसारा तिथेच साठतो. सह्याद्रीच्या चढाईत माणूस दमतो तो उभ्या काळ्या कातळावर, पण घाबरतो या गवताळ, भुसभुशीत पट्ट्यांवर.

बेसाल्टमध्ये भेगाही सलग नसतात. लाव्हा थंड होताना आकसला म्हणून उभ्या भेगा पडल्या, पण त्या एका थरापुरत्या. थर संपला की भेग संपते. ब्रिटनच्या आरोहकाला एखादी भेग पायथ्यापासून माथ्यापर्यंत मिळू शकते. आपल्याला पंधरा-वीस मीटर भेग, मग कोरी भिंत, मग ठिसूळ पट्टा असं मिळतं. म्हणून सह्याद्रीत आरोहकांनी मेखा वापरल्या, आणि कोऱ्या कातळात हातानं भोक पाडून बोल्ट ठोकले. वानरलिंगीच्या रूढ वाटेवरही बोल्ट आहेत. ज्यांनी ते पहिल्यांदा, एका हातानं तोल सांभाळत, दुसऱ्या हातानं हातोडी चालवत ठोकले, त्यांच्या धाडसाबद्दल मनात आदरच आहे.

पण बोल्टाचा प्रश्न त्याच्या आयुष्याचा आहे. कोकणातून येणारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साधं पोलाद गंजतं. बाहेरून डोकं चांगलं दिसतं, आत दांडा खाल्लेला असतो. असा बोल्ट नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास बसतो. अलीकडे जुने बोल्ट काढून त्या जागी चांगल्या प्रतीचे नवे बसवण्याचं काम काही आरोहकांनी हाती घेतलं आहे. खर्चाचं आहे, किचकट आहे आणि फार गरजेचं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जिथे नट किंवा कॅम नीट बसेल अशी भेग आहे, तिथे शेजारी भोक पाडू नये. जिथे खरोखर काहीच नाही तिथे, आणि उतरायच्या मुख्य जागी, चांगला बोल्ट असावा. ड्रिल मशीन हातात आल्यापासून भोक पाडणं सोपं झालं आहे, म्हणून हे जास्त ठामपणे सांगावंसं वाटतं. पाडलेलं भोक परत भरून येत नाही.

दगड पारखायची जुनी रीत मात्र अजूनही कामाची आहे. मुठीनं किंवा हातोडीनं ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर दगड मागच्या कातळाशी एकजीव आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर तो सुटा आहे. त्याला हात लावायचा नाही आणि खालच्याला ओरडून सांगायचं. हेल्मेट यासाठीच असतं. सह्याद्रीत दगड वरून येतो, आणि बहुतेक वेळा तो माणसाच्याच पायानं सुटतो.

७. सुळका रिकामा नसतो

जंगलातल्या सुळक्यावर माणूस पाहुणा असतो. तिथले राहणारे वेगळे.

पहिलं आग्यामोहोळ. कड्याच्या पुढे आलेल्या छपराखाली, ऊन-पावसापासून आडोशाला ही मोठी मोहोळं लागतात. धूर, गोंगाट, अत्तराचा वास, आपटलेला दगड, यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. जमिनीवरचा माणूस पळू तरी शकतो. दोराला बांधलेला, शंभर फुटांवर भिंतीला चिकटलेला माणूस पळू शकत नाही. म्हणून चढायच्या आदल्या दिवशी दुर्बिणीनं सगळी भिंत पाहायची, गावातल्या माणसांना विचारायचं, आणि वाटेवर मोहोळ असेल तर परत फिरायचं. घाटघरसारख्या गावातल्या माणसाला कुठल्या कपारीत कधी मोहोळ असतं हे माहीत असतं. ती माहिती कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

दुसरी गिधाडं. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं, हिवाळ्यात एकच अंडं घालतं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे भारतातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. उरलेल्या जोड्या नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या मोजक्या कड्यांवर आहेत. अडचण अशी, की आपला चढाईचा हंगाम आणि त्यांचा विणीचा हंगाम एकच. पांढऱ्या विष्ठेचे ताजे ओघळ आणि कपारीत काटक्या दिसल्या तर ती भिंत त्या वर्षी सोडून द्यावी. यात दोन मतं असू नयेत.

हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात कातळ शेवाळतो. मार्चनंतर दुपारी काळा दगड हाताला चटके देतो, आणि सुळक्यावर पाणी नसतं. तीन लिटर पाणी प्रत्येकी लागतं, आणि ते स्वतःच वर न्यायचं असतं.

रानातल्या सुळक्याचा खरा धोका अंतराचा आहे. गावाजवळच्या कातळावर पाय मुरगळला तर तासाभरात दवाखाना. सुळक्यावर तोच पाय मुरगळला, तर आधी माणसाला दोरानं खाली आणायचं, मग स्ट्रेचरवरून जंगलातून गावापर्यंत, मग रस्त्यानं. अख्खा दिवस जातो. निघताना गावात आणि घरी कुठे जातोय, कोण कोण आहे, किती वाजता परत येणार हे लिहून ठेवणं ही नुसती औपचारिकता नाही. शोध घेणाऱ्यांचे पहिले काही तास त्यानं वाचतात.

८. उतरताना

माथ्यावर पोचल्यावर आरोहक दमलेला असतो, मन हलकं झालेलं असतं आणि ऊन कलायला लागलेलं असतं. त्याच वेळी सगळ्यात जास्त शिस्त लागते. चढताना माणूस स्वतःच्या हातापायांवर असतो, दोर फक्त पडलाच तर. उतरताना, म्हणजे रॅपलिंग करताना, पूर्ण भार दोरावर आणि वरच्या बांधणीवर असतो. तिथे चूक झाली तर सावरायला दुसरं काही नसतं.

नियम मोजके आहेत. दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारायची, म्हणजे टोक संपून माणूस खाली निसटणार नाही. उतरायच्या उपकरणाखाली एक जादा गाठीचा आधार ठेवायचा, हात सुटला तरी तो धरेल. कडी बंद आहे का, पट्टा उलटा फिरवून घातला आहे का, हे एकमेकांचं एकमेकांनी बघायचं. अनुभवी माणसाचंही बघायचं. त्यानं रागवायचं नाही.

९. हिंगोलीतून सुरुवात

आता तुमच्यापैकी कुणाला हे शिकायचं असेल तर. व्हिडिओ बघून, दोर विकत आणून, जवळच्या खाणीत किंवा पडक्या बुरुजावर प्रयोग करू नका. खाणीतला दगड सुरुंगानं सैल झालेला असतो आणि बुरुजाचा दगड वारसा आहे.

महाराष्ट्रात शिकवणाऱ्या संस्था आहेत. मुंबईची गिरिविहार १९५४ पासून काम करते आहे, पुण्याची गिरिप्रेमी १९८२ पासून. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाकडे जिल्ह्यांमधल्या संस्थांची माहिती मिळू शकते. पुढे जायचं असेल तर दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग इथल्या साधारण महिनाभराच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कातळावरची चढाई शिकवतात. पहिलं वर्ष फक्त मागून येणारा दुसरा आरोहक म्हणून चढा. लीड करणाऱ्यानं लावलेला प्रत्येक नट सोडवताना तो तिथेच का लावला, असाच का लावला, हे विचारत जा. नट लावायला शिकण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. गाठी घरी बसून, डोळे मिटून, एका हातानं मारता येईपर्यंत घोटा. आणि हिंगोली, परभणी, नांदेडमधल्या शाळा-महाविद्यालयांनी मुलांना घेऊन एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या शिबिराला जरूर जावं. मराठवाड्यातल्या मुलांना ज्या काळ्या दगडावर शेती करणं माहीत आहे, त्याच दगडावर चढताही येतं.